कूलरचं पाणी

२ एप्रिल

ही वही मीच माझ्या मागे लावून घेतली आहे. आमच्या लेआउटच्या ‘थेंबे थेंबे महिला मंडळा’त परवा मी फर्मान काढलं, की प्रत्येकीने रोज संध्याकाळी घरात काय वाचवलं ते दोन ओळींत लिहायचं. पाणी, वीज, पिशवी, उरलेला भात, काहीही. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातली एकही लिहिणार नाही. माझं आयुष्य शाळेत भूगोल शिकवण्यात गेलं, गृहपाठ न करणारे चेहरे मला लांबून ओळखू येतात. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं माझ्याबद्दल कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून मी लिहिणार.

काल कूलर काढला. पुण्याहून मयुराचा फोन आला, तोच विषय. “आई, एसी लावून घे ना. एकटी राहतेस, काही झालं तर?” एसी म्हणजे आपल्या खोलीतलं ऊन उचलून शेजाऱ्याच्या दारात टाकायचं. ते मला जमणार नाही, असं लेकीला सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली, म्हणजे रागावली.

कूलरला पाणी बोअरचं. नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, बाकी कशाला नाही. सकाळी कूलरच्या टाकीत जे उरतं ते बादलीत काढायचं आणि संत्र्याला घालायचं. एका पाण्यात दोन कामं. मंडळात सगळ्यांना मी हेच शिकवलं आहे.

संत्र्याबद्दल लिहायला हवं. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला ते झाड आहे, माझ्या कमरेएवढं. त्याच्या बुडाशी मधुसूदन आहे. (तोंडावर मी त्याला जन्मभर ‘अहो’ म्हटलं, मनात मात्र नेहमी नावानेच. इथे मनातलंच लिहीन.) गेल्या वर्षी मेअखेर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला आणि त्याच आठवड्यात त्याच्या हृदयाने दगा दिला. धाकटे दीर, गणपतभाऊजी, राख कन्हान नदीवर न्यायला गाडी घेऊन दारात उभे होते. मी म्हटलं, नदीत काही सोडायचं नाही. खड्डा खणू, राख त्यात घालू, वर झाड लावू. केवढं भांडण झालं! “वहिनी, माह्या भावाले तुम्ही आंगणात गाडून राह्यल्या,” असं म्हणून भाऊजी गावी, पारशिवनीला, निघून गेले ते आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत. त्या दिवशी मध्ये पडल्या त्या सासूबाई. “लावू दे तिले झाड. झाडाले हात तं लावता येईल. नदीले कुठं हात लावू मी?” त्यांच्या त्या एका वाक्यावर हे झाड उभं आहे.

वाचवलं: एक बादली.

५ एप्रिल

गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. व्यवस्थित चौकोनी घड्या घातलेल्या. मधुसूदनचे उद्योग! मी कापडी पिशवी हातात दिल्याशिवाय त्याला इतवारीच्या बाजारात पाठवत नसे, आणि हा कापडी पिशवी खांद्यावर मिरवत भाजी मात्र प्लास्टिकमधून आणायचा, फाटकाशी येऊन पिशवीत ओतायचा. पुरावा गादीखाली.

तसा तो माझ्या राज्यातला सराईत गुन्हेगारच होता. दाढी करताना नळ चालू. आंघोळीला शॉवर, तोही गाणं संपेपर्यंत. मी बाहेरून दार वाजवायची. आतून आवाज यायचा, “अवं, पेंचच्या काठचा माणूस आहो मी. मेल्यावर कुठंही ठेव, पाणी मात्र मोप देजो.”

पिशव्या फेकवल्या नाहीत. पुन्हा गादीखाली ठेवल्या.

११ एप्रिल

सासूबाईंचा फोन. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही, नातसून फोन लावून देते. पहिला प्रश्न ठरलेला: “कसा आहे माहा मधू?”

“मस्त आहे आई. नवी पानं आली आहेत.”

“वर्षश्राद्धाले मी येऊन राह्यली. गणपत नाही म्हणते, ऊन लागन म्हणते. मी म्हटलं, नाही नेलं तं पायी जाईन. मले त्याले हात लावाचा आहे.”

वर्षश्राद्ध तिथीने अठरा मेला. भाऊजीही येणार तर. येऊ देत. झाड पाहतील तेव्हा कळेल त्यांना. पावसाळ्यात दुप्पट झालं, थंडीत तर त्याच्या पानांना नुसता हात लावला तरी बोटांना वास यायचा. नदीत सोडलं असतं तर काय उरलं असतं?

(नवी पानं फेब्रुवारीत आली होती. पण म्हातारीला महिन्यांचा हिशेब काय सांगायचा.)

वाचवलं: ओल्या कचऱ्याचं खत निघालं, एक घमेलं. संत्र्याला.

१७ एप्रिल

पारा चव्वेचाळीस. संत्र्याच्या पानांची टोकं करपली आहेत. आधी दोन-चार होती, आज जवळजवळ सगळी. विस्तवाच्या कडेला धरल्यासारखी. ऊनच तसं आहे.

मधुसूदनचा पांढरा दुपट्टा काढला, तोच जो डोक्याला गुंडाळून तो उन्हात हिंडायचा, आणि चार काठ्या रोवून झाडावर सावलीला बांधला. येणारे-जाणारे बघतात. बघू देत. कूलर आता दुपारभर चालतो, त्यामुळे पाणीही जास्त उरतं. आता सकाळ-संध्याकाळ एकेक बादली घालीन.

२३ एप्रिल

आज जे पाहिलं ते मी कुणाला सांगणार नाही. इथे लिहिते.

बुडाशी मातीवर पांढरं आलं आहे. आधी वाटलं चुना उडाला असेल. वाकून पाहिलं, बोटाने खरवडलं. पिठासारखं, करडं-पांढरं. राख आहे. तो वर आला आहे.

मी तिथेच बसले. मी अंधश्रद्धाळू बाई नाही. ग्रहणाच्या दिवशी मुलांना मैदानात नेऊन बिस्किटं खायला घालणारी मी. पण वर्ष होत आलं आणि तो वर आला, यापुढे माझं शास्त्र चालेना. बोटाला लागलं होतं ते कपाळाला लावलं. मग रडले. भर सकाळी, फाटकाशी, दूधवाल्यासमोर.

थोडं पांढरं खरवडून माझ्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात भरून ठेवलं. सासूबाईंना देईन. त्यांचं पोर त्यांच्या हातात.

२८ एप्रिल

मंडळाची बैठक. समोरची सरिता एकदम बोलली, “मॅडम, माह्या मोगऱ्याले काय झालं पाहा ना जी. पुरा जळून राह्यला.”

“पाणी कोणतं घालतेस?”

“तुम्ही सांगतलं तेच. कूलरचं.”

“मग ऊन लागलं असेल. थोडं वाढव.”

मागून कुणीतरी म्हणालं की त्यांचा कढीपत्ताही गेला. मी म्हटलं, यंदाचं ऊनच वैऱ्याचं आहे, म्हणून तर आपण हे सगळं करतो आहोत, आणि मग मी चांगलं अर्धा तास भाषण केलं. झाडं मरतात म्हणून कुणी नळाचं पाणी घालू लागलं तर मंडळातून नाव काढीन असंही म्हटलं. सरिता ‘बरं जी’ म्हणाली. तिचा मोगरा छान होता, खरं तर. मी रोज चार फुलं तिच्याच कुंपणातून मधुसूदनच्या फोटोला न्यायची.

३ मे

पानं गळताहेत.

सकाळी झाडून काढते, दुपारी पुन्हा पडलेली. पिवळी होऊन पडली असती तर समजलं असतं. ही हिरवीच्या हिरवी वाळून पडतात. झाडाच्या वरच्या फांद्या उघड्या पडल्या आहेत. पांढरं मात्र वाढतं आहे, आता बुडाभोवती त्याचं कडंच तयार झालं आहे. मी त्याला रागावले. म्हटलं, वर काय येता, खाली राहा ना, मुळांशी. झाडाला तुमची गरज आहे. आणि पांढरं खाली जावं म्हणून एक बादली जास्त ओतली.

सासूबाईंचा फोन. “कसा आहे माहा मधू?”

“मस्त आहे आई.”

“पानं कशी झाली?”

“दाट. सावली पडते आता.”

“मंग मी त्याच्या सावलीत बसतो.” म्हातारी हसली. किती दिवसांनी हसली. फोन ठेवून तिथेच कूलरसमोर आडवी झाले. काय बोलून बसले मी!

५ मे

मयुराला व्हिडिओ कॉलवर घरातलंच दाखवलं. ती म्हणाली, “आई, झाड दाखव ना बाबांचं.” मी म्हटलं बाहेर ऊन आहे. ती म्हणाली, “तू बारीक झालीस. जेवतेस का?” मी म्हटलं नेट जातंय, आणि बंद केला.

झाड मेलं तर? भाऊजी काही बोलणार नाहीत. नुसते बघतील. आणि सासूबाई हात पुढे करतील आणि हाताला काटकी लागेल. पोरगा दोनदा मेला असं होईल त्यांना. आणि दुसऱ्यांदा माझ्या हातून. हे झाड जगायलाच हवं. अठरा तारखेपर्यंत तरी. देवा, मी तुझ्याकडे कधी काही मागत नाही हे तुला माहीत आहे.

वाचवलं वगैरे आज काही नाही.

८ मे

मी रोपवाटिकेत गेले. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते. कमरेएवढं, दाट पानांचं, संत्र्याचंच रोप मागितलं. माळी म्हणाला, “या उन्हात लावाल काय बाई? पाऊस तं पडू द्या.” मी म्हटलं, मला तारखेला हवंय. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं रोप रिक्षातून आणलं, माझ्या मांडीवर, आणि मागच्या मोरीशी आडोशाला ठेवलं. सरिता गॅलरीत होती. तिने पाहिलं का कुणास ठाऊक.

सासूबाईंना दिसत नाही. त्या फक्त हात लावणार. पानं मोजून घेणार नाहीत. भाऊजींना कळलंच तर… नाही कळणार. वर्षभर त्यांनी झाड पाहिलेलं नाही.

मधुसूदनला मात्र कळेल. पण तो माझी चहाडी करणार नाही. मी त्याच्या पिशव्यांची केली असती.

९ मे

उजाडल्याबरोबर फावडं घेतलं. दुपट्टा सोडला. झाडाला धरून हलवलं तर ते इतकं हलकं लागलं की मी हात सोडला. फावड्याचा पहिला घाव घातला आणि पांढरं कडं फुटलं. खाली बोटभर खोल, मातीच्या भेगाभेगांतून, सगळं पांढरंच. एवढा तो सगळीकडे. मी फावडं टाकलं. त्याच्यावर घाव घालायचा आणि तिथे बाजारातलं रोप बसवायचं, आणि त्याच्या आईचा हात धरून त्या रोपावर ठेवायचा? मी एवढी खाली नाही उतरले. नाही, उतरले होते. फावड्याचा एक घाव एवढी उतरले होते.

माती परत लोटली. कूलरचं पाणी घातलं. दुपट्टा बांधला.

१२ मे

कूलरची हवा गार येईना. त्याच्या बाजूच्या गवताच्या ताट्या काढल्या. गवत दगडासारखं कडक, त्यावर पांढरी पुटं. दरवर्षीच धरतात, बोअरचं पाणी जड आहे. सुरीने खरवडायला बसले, पितळेची परात खाली घेतली. पांढरी पूड पडत गेली. करडी-पांढरी. पिठासारखी.

सुरी खाली ठेवली.

मग उठून करंडा आणला. करंड्यातलं एका बोटावर घेतलं, परातीतलं दुसऱ्या बोटावर. दोन्ही सारखी दिसत होती. मग जिभेला लावली. आधी परातीतलं. खारट, कडवट. मग करंड्यातलं.

तेच.

राख नव्हती. मीठ होतं. कूलरमधून पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, आणि ते उरलेलं, दाट झालेलं खारं पाणी मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या मुळांशी ओतलं. भांडंभर नाही, बादल्या. झाड सुकतंय म्हणून वाढवत नेलं. मी क्षारपड जमिनीचा धडा शिकवायची. कालव्याचं पाणी, वर तापलेलं ऊन, वर येणारे क्षार, पांढरा थर: फळ्यावर रंगीत खडूने चित्र काढायची. पोरींना ते चित्र वहीत उतरवायला लावायची.

आणि ते मी कपाळाला लावलं.

१३ मे

उपाय मला ठाऊक आहे. तोही धड्यातच होता, शेवटच्या परिच्छेदात. गोडं पाणी भरपूर द्यायचं, इतकं की क्षार विरघळून मुळांच्या खाली वाहून जावेत. एक-दोन तांबे घालून उलट वरचं मीठ खाली मुळांत उतरतं. पाट सोडल्यासारखं सोडायला हवं. गोडं पाणी म्हणजे नळाचं, सकाळी येतं ते.

आज सकाळी नळ आला. पाइप हातात घेऊन उभी राहिले. सोडला नाही.

पाण्याच्या काटकसरीपायी सोडला नाही, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. क्षार धुऊन जातील तर तोही जाईल. मीठ तेवढं जा आणि राख तेवढी थांब, असं पाण्याला सांगता येत नाही. आधीच एक पावसाळा गेलाय. जे काय उरलं असेल ते खाली असेल, थोडंसंच असेल. ते मी माझ्या हाताने वाहवून देऊ? मग नदीतच का नाही सोडलं? भाऊजींशी, गोतावळ्याशी, सगळ्यांशी भांडून काय केलं मी?

झाड वाचवू की त्याला ठेवू? दोन्ही नाही जमणार.

मग एक तांब्या घातला. एका तांब्याने काही होत नाही, हे ठाऊक असून.

१६ मे

आता एकच फांदी हिरवी आहे, तिलाही मोजकी पानं. मी दुपट्टा रोज ओला करते. मला झोप नाही, खाणं नाही. मयुरा उद्या येते आहे. सासूबाईंचा फोन आला होता, मी उचलला नाही. दुसऱ्यांदा आला, नाही उचलला. मोरीशी ते विकतचं रोप मात्र डवरलं आहे. त्याला मी काहीच घालत नाही, भांड्यांची मोरी वाहते तेवढंच पाणी. त्याच्याकडे बघवत नाही.

मरावंसं वाटणं म्हणजे काय ते मला आज कळलं. म्हणजे मरायचं नाही आहे. फक्त परवाचा दिवस यायला नको आहे.

१८ मे

सकाळी लवकरच आले. आधी गाडीतून भाऊजी उतरले, मग त्यांनी सासूबाईंना उचलूनच खाली घेतलं. भाऊजी फाटकात थबकले. झाडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वर्षभर मी त्या नजरेची तयारी करत होते, पण तिच्यात काही नव्हतं, नुसतं झाड पाहिल्यासारखं होतं.

आई म्हणाल्या, “कुठं आहे?”

मयुराने त्यांचा हात धरला. मी म्हटलं, “आई, आधी आत चला. पाणी घ्या.”

“पाणी मंग. पहिले मधू.”

त्यांनी हात पुढे केला. वरच्या फांदीला लागला. कट् करून काटकी मोडली. त्या थांबल्या. मग दोन्ही हातांनी वरून खाली चाचपत गेल्या, एखाद्या आजारी पोराच्या अंगावरून फिरवावा तसा हात. शेवटच्या हिरव्या फांदीशी आल्या तेव्हा तिची दोन पानं त्यांच्या तळहातात गळून पडली.

“शामला,” त्या मला म्हणाल्या. “सावली कुठं आहे वं?”

मग मी सगळं सांगितलं. फाटकातच उभी राहून. कूलर, मीठ, फोनवरचं खोटं, करंडा, मोरीशी ठेवलेलं रोप, फावडं, सगळं. मध्येच मयुरा “आई, बस” म्हणाली, पण मी थांबले नाही. “तुमच्या मधूला मी खारं पाणी पाजलं, आई. चांगलं पाणी वाचवून खारं पाजलं. मेल्यावर पाणी मोप दे म्हणाला होता, तर हे दिलं.”

भाऊजी एकदम बोलले. वर्षानंतरचं पहिलं वाक्य. “म्हणून म्हणत होतो मी, नदीत सोडा.” मग झाडाकडे बघून, “तिथं कोणी त्याले मीठ नसतं घातलं.”

“चूप रे गणपत,” आई म्हणाल्या. “भांडण मंग कर. आता सांग, जगन का हे?”

भाऊजी खाली बसले. त्यांची स्वतःची संत्र्याची बाग आहे. त्यांनी वरच्या फांदीची साल नखाने खरवडली: तपकिरी. मधली: तपकिरी. बुडाशी खरवडली आणि डोळे जवळ नेऊन पाहिलं. “थोडं हिरवं वाटते. का मले वाटून राह्यलं, काही सांगता येत नाही.” मग माझ्याकडे न बघता, “गोडं पाणी नाही सोडलं काहून?”

“वाहून जातील ते,” मी म्हटलं. “जे काय उरले असतील ते. मी नाही सोडू शकत, भाऊजी. माझ्याच्याने होत नाही.”

 नळाचा आवाज येऊ लागला, सकाळचं पाणी आलं होतं. आईंनी मान वळवली.

“हे पाणी कुठचं वं, तुमच्या नळाचं?”

“पेंचचं, आई. धरणातून येतं.”

“पेंचचं?” त्या किंचित हसल्या. “लहानपणी मधूले तेच्यातून बाहेर काढाले काठी घेऊन जा लागे मले. ओठ निळे पडत, तरी निघे नाही.” मग त्यांनी माझा हात शोधला आणि दाबला. “सोड वं पाणी. वाहून जाईन तं जाऊ दे. मधू पाण्याले कधी भ्याला नाही.”

मी पाइप लावला. बुडाशी ठेवला. तोटी पूर्ण उघडली, जशी ती या घरात मी कधी कुणाला उघडू दिली नाही. आळं भरलं, पांढरं कडं आधी ओलं झालं, मग विरघळलं, मग दिसेनासं झालं. भाऊजींनी फावड्याने एका बाजूने पाट काढून दिला. पाणी फाटकाखालून बाहेर सिमेंटच्या रस्त्यावर गेलं, उतारावरून थेट सरिताच्या दारापर्यंत. ती धावत बाहेर आली. “मॅडम! तुमचा नळ चालू राह्यला!”

“चालूच आहे,” मी म्हटलं. “सरिता, तुझ्या मोगऱ्यालाही लाव. आत्ताच लाव, नळ जायच्या आत. आणि सगळ्यांना सांग, कूलरचं पाणी कुणीही झाडाला घालायचं नाही. मी चुकीचं शिकवलं. मीच सांगितलं असं सांग.”

ती आत पळाली.

आईंनी चपला काढल्या. मयुराने आधार दिला, आणि त्या आळ्याच्या काठावर बसून त्यांनी दोन्ही पाय वाहत्या पाण्यात सोडले. करंडा मी त्यांच्या हातात दिला, यात मीठ आहे, राख नाही, असं पुन्हा सांगून. त्यांनी तो उघडला, पाण्यात उपडा केला, हाताने खळबळून धुतला आणि मला परत दिला. “कुंकू ठेव याच्यात,” म्हणाल्या. मी विधवा आहे, हे त्या विसरल्या की विसरल्या नाहीत, मला कळलं नाही.

भाऊजी मागे मोरीकडे गेले होते. ते रोप उचलून घेऊन आले. मला वाटलं, आता बोलतील. “हे मी बागेत नेतो, वहिनी,” एवढंच म्हणाले. “इथं नको.” वर्षभराने मला ‘वहिनी’ म्हणाले.

श्राद्ध झालं, जेवणं झाली, उन्हं कलल्यावर ती मंडळी गेली. झाड आहे तसंच आहे. पान नाही. बुडाशी नख मारलं तिथला हिरवा रंग मीही जाऊन पाहिला, आणि मलाही सांगता येत नाही. मधुसूदन आता तिथे आहे की रस्त्यावरून गटारात आणि गटारातून नाग नदीत गेला, तेही मला सांगता येत नाही.

वाचवलं: काही नाही. नळ जाईपर्यंत पाणी चालू होतं. जेवढं आलं तेवढं सगळं त्याला दिलं.